स्लॅब रोलर भंगारात काढण्याआधी दोन्ही बाजू मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शाळांमधल्या मातीकामावर आपण पान भरून लेख दिलात. मुलांचे कोपरापर्यंत माखलेले हात छायाचित्रात बघून समाधान वाटलं. त्यातल्या एका शिक्षिकेचं बोलणं मात्र दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. त्यांच्या शाळेला स्लॅब रोलर, म्हणजे मातीची पोळी लाटायचं मशीन, मिळाला होता, वर्षभर चालला, मग बिघडला म्हणून कोपऱ्यात गेला आणि आता तो भंगारात द्यायचं ठरलं आहे. बाईंनी तक्रार केली नव्हती, सहज सांगितलं होतं. मला ते सहज घेता आलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे, पण जागेअभावी कापावं लागलं तर मापं तेवढी कापू नयेत ही विनंती.

मी कुंभार नाही, कलाशिक्षकही नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात अडतीस वर्षं टर्नर-फिटर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. लेक पुण्यात मातीकाम शिकून आली आणि तिने घराच्या मागच्या पडवीत चाक, भट्टी आणि एक स्लॅब रोलर मांडला. तो रोलर बघितला तेव्हा मला मामाच्या गुऱ्हाळावरचा उसाचा चरक आठवला. तेच दोन रोलर, तेच दाते, तीच फट कमीजास्त करण्याची सोय. उसाऐवजी माती आणि रसाऐवजी पोळी, एवढाच फरक. मातीचा चपटा केलेला गोळा दोन कापडांमध्ये ठेवायचा, हँडल फिरवायचं, पलीकडून एकसारख्या जाडीची लादी बाहेर येते. तिलाच स्लॅब म्हणतात. तिच्यापासून टाइल, ताटल्या, डबे, दारावरच्या पाट्या होतात. लेकीच्या ओळखीने मग इतरांची मशीनं माझ्याकडे येऊ लागली. सहा वर्षांत अकरा मशीनं हाताखालून गेली. त्यात खरोखर नवा भाग घालावा लागला असं मशीन एकच.

म्हणून सांगतो, त्या बाईंच्या शाळेतला रोलरही बहुतेक बिघडलेला नसावा.

असाच एक रोलर गेल्या पावसाळ्यात बघितला. शाळेचं नाव घेत नाही, कारण चूक एका शाळेची नाही. मशीनवर 'बंद आहे' असा कागद चिकटवला होता. काय होतं म्हणून विचारलं तर सरांनी तीन गोष्टी सांगितल्या. स्लॅब एका बाजूला जाड येतो. कापड डावीकडे पळतं आणि त्याला चुण्या पडतात. आणि अलीकडे हँडल फिरतं, पण रोलर फिरत नाही. सरांना या तीन वेगवेगळ्या व्याधी वाटत होत्या. पहिल्या दोन एकच होत्या आणि तिसरी म्हणजे चहाच्या किमतीचा एक ग्रब स्क्रू, बिनडोक्याचा छोटा स्क्रू.

आधी तिसरी. हँडलची ताकद चेनने किंवा गिअरने रोलरच्या दांड्यावर जाते. चेनचं चक्र दांड्यावर चावीने (म्हणजे दांडा आणि चक्राच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) आणि ग्रब स्क्रूने धरलेलं असतं. मशीन हिसके खात चाललं की स्क्रू हळूहळू सैल होतो आणि चक्र दांड्यावर नुसतंच गरगरतं. ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लावून तो आवळला की रोलर फिरतो. पण आवळण्याआधी चावी जागेवर आहे का ते बघावं. ती निसटून पडलेली असते आणि झाडूवाल्या मावशींनी ती लोखंडाचा तुकडा म्हणून फेकून दिलेली असते. इथे ती मशीनच्या खालीच, वाळलेल्या मातीच्या खपलीत सापडली.

आता जाडीचं. रोलरच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात आणि बऱ्याच मशीनमध्ये ते स्वतंत्र फिरतात. दोन्हीकडे आकडे छापलेले असतात. इथे दोन्ही काटे सहा मिलिमीटरवर होते. मी मातीच्या दोन लिंबाएवढ्या गोळ्या केल्या, एक डाव्या कडेला, एक उजव्या कडेला कापडात ठेवली, हँडल फिरवलं आणि बाहेर आलेल्या दोन चकत्या व्हर्निअरने मोजल्या. डावी ५ मिलिमीटर, उजवी साडेसात. काटे खोटं बोलत होते. कुणीतरी कधीतरी एक काटा सैल करून परत भलतीकडे बसवला होता. मातीच्या गोळ्या कधी खोटं बोलत नाहीत. ही तपासणी कुठल्याही शिक्षकाला दोन मिनिटांत करता येते. व्हर्निअर नसेल तर चकत्या मधोमध कापून कंपासपेटीतल्या पट्टीने मोजल्या तरी चालतं.

मात्र लगेच स्क्रूला हात घालायचा नाही. आधी मशीनचे पाय बघायचे. शाळेची जमीन शहाबादी फरशीची, एक फरशी खचलेली, एक पाय कागदभर अधांतरी. अशी चौकट महिनोन्‌महिने पिळवटते, बोल्ट सैल होतात आणि मग वर कितीही जुळवलं तरी आठवड्यात पुन्हा तेच. पायाखाली पत्र्याचं पॅकिंग घातलं, लेव्हल लावून आडवं-उभं दोन्ही बघितलं, चौकटीचे सगळे बोल्ट पान्ह्याने आवळले. त्यानंतर रोलर.

रोलर समांतर करायला महागडं हत्यार लागत नाही. ६ मिलिमीटरच्या एकाच लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यायचे. एकाच पट्टीचे, कारण बाजारात ६ ची म्हणून मिळणारी प्रत्येक पट्टी बरोबर ६ ची असतेच असं नाही. एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे ठेवून रोलर हळूहळू खाली आणायचा. पट्टी आणि रोलरच्या मध्ये वहीचा कागद सरकवत राहायचा. दोन्हीकडे कागद सारखाच अडकू लागला की थांबायचं आणि काटे सैल करून दोन्ही ६ वर बसवायचे. कापडाच्या दोन थरांची जाडी यात धरलेली नाही, ती वेगळी वजा करावी लागते. आणखी एक सवय लावून घ्यावी. हव्या आकड्यावर येताना स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत यायचं. पुढे गेलात तर चांगलं मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. आट्यांमध्ये थोडा खेळ असतोच, तो दोन्ही स्क्रूंत एकाच बाजूला राहिला पाहिजे.

रोलर समांतर झाला आणि कापड डावीकडे पळायचं थांबलं. फट एका बाजूला अरुंद असली की तिथे माती जास्त दाबली जाते, जास्त लांब होते, आणि कापडाला ओढून वाकडं नेते. चुण्या त्याच्याच. सरांनी तोवर दोनदा नवं कापड आणलं होतं.

स्लॅब काय सांगतो ते वाचायला शिकलं तर मशीन उघडायचीही गरज पडत नाही, हे मी लेकीलाही सांगतो. एक कड जाड, दुसरी पातळ असेल तर रोलर तिरका आहे. दोन्ही कडा पातळ आणि मध्यभाग जाड असेल तर मशीनचा दोष नाही, आपण एका फेरीत फार दाबतोय आणि रोलर मधोमध वाकतोय. स्लॅबवर ठरावीक अंतराने लाट येत असेल तर दोन लाटांमधलं अंतर मोजावं. रोलरचा व्यास १०० मिलिमीटर असेल आणि लाट ३१४ मिलिमीटरवर परत येत असेल, तर रोलरच्या एका फेऱ्याला एकदा चूक होते आहे. म्हणजे दांडा वाकलाय किंवा रोलरला कुठेतरी वाळलेली माती चिकटून तिचा उंचवटा झालाय. आधी ओल्या फडक्याने रोलर पुसून बघा, दांड्याचा विचार मग. लेकीच्या मैत्रिणीने दांडा बदलायला म्हणून मशीन टेम्पोतून आणलं होतं. रोलरवर नखाएवढी वाळकी खपली निघाली. जवळजवळ, बोटा-बोटावर रेघा पडत असतील तर गिअरचा दाता तुटलाय किंवा चेन ढिली आहे. आणि एकच आडवी रेघ असेल तर हँडल फिरवणारा मध्येच थांबला होता, दुसरं काही नाही.

आता ज्याने मला खरोखर वाईट वाटलं ते सांगतो. त्या शाळेत कुणीतरी काळजीनेच, देखभाल म्हणून, चेनला आणि उघड्या दात्यांना बोटभर ग्रीस फासलं होतं. ग्रीस चांगलं, मशीनही चांगलं, पण दोघं मातीच्या खोलीत एकत्र आले की नुकसान ठरलेलं. मातीकामाच्या मातीत गारेची बारीक पूड असते. गार, म्हणजे क्वार्ट्झ, मोहसच्या काठिण्याच्या मापावर ७ ला बसते. साधं लोखंड तिच्यापुढे मऊ. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना आम्ही मुद्दाम तेलात कठीण पूड कालवून लॅपिंगची पेस्ट वापरतो, लोखंड घासून काढायला. ग्रीस आणि मातीची धूळ मिळून तीच पेस्ट तयार होते, आणि ती रोज, हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला दाते खात बसते. मी ते सगळं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने काढलं. दात्यांच्या कडा चमकत होत्या, घासून. नशिबाने अजून बराच जीव होता.

चेनला आणि दात्यांना पातळ तेलाचे चार थेंब, शिलाई मशीनला घालतो तेवढे, आणि वरचं लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. एवढंच. दांडा ज्यात फिरतो त्या बुशला तेलाचं भोक असेल तर तिथे दोन थेंब. रोलरच्या पृष्ठभागावर तेल अजिबात नाही, कापड घसरतं आणि तेल मातीत उतरतं. गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासायचं, लांबीच्या दिशेने नाही, नाहीतर रोलरवर सपाट जागा पडते. मुळात गंज येतो तो ओलं कापड रोलरमध्ये अडकवून घरी गेल्यामुळे. आमच्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस पट्टा उठतो.

वायररोपवर रोलर ओढणारी मशीनंही असतात. तिथे टेबल जागेवर राहतं, रोलर त्यावरून जातो आणि जाडी फळ्यांच्या थरांनी ठरते. असं मशीन माझ्याकडे एकदाच आलं. त्यात दोन्ही बाजूंच्या रोपचा ताण सारखा हवा. बोटाने छेडून दोन्हींचा आवाज ऐकावा. एकही तार तुटून वर आलेली दिसली की रोप बदलावा, सांधू नये.

कापडाबद्दल लेक माझ्यापेक्षा जास्त सांगेल, तरी लिहितो. जाड सुती कॅनव्हास घ्यावा आणि कापण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यातच तो आखडतो. विणीला काटकोनात कापावा, तिरका कापलेला कॅनव्हास तिरकाच जातो. घडी घालून ठेवू नये, नळीवर गुंडाळावा, कारण घडीची रेघ जशीच्या तशी मातीवर उठते. वापरून झाला की दोरीवर वाळवावा, नाहीतर बुरशी धरते.

आणि तो झटकू नये. हे एक वाक्य आपण ठळक छापलंत तर उपकार होतील. मशीन दुरुस्त करून झाल्यावर त्या शाळेतल्या दोन मुली वाळलेला कॅनव्हास अंगणात धरून सतरंजी झटकतात तसा झटकत होत्या. पांढरा ढग उठला आणि त्या हसत होत्या. मी धावत गेलो. त्या धुळीतली गारेची पूड फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिस म्हणतात तो आजार तिच्यामुळेच होतो आणि तो बरा होत नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ज्या आजारांची खबर देणं बंधनकारक होतं त्या यादीत तो होता. फाउंड्रीत वाळूत काम केलेली माझ्या ओळखीची माणसं पन्नाशीत दोन जिने चढताना थांबत होती. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक तास माती हाताळून तसं काही होणार नाही, पण शिक्षक आणि शिपाई रोज त्या खोलीत असतात, आणि सवय लागते ती लहानपणी. खोली कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कॅनव्हास बादलीत बुडवून धुवायचा. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, रात्रभर ठेवून वरचं निवळ झाडांना घालायचं आणि तळाची माती परत वापरायची. यात मोरी तुंबत नाही हाही फायदा आहे.

मशीन ठीक असूनही स्लॅब वाकडे येतात तेव्हा दोष मातीच्या हाताळणीत असतो. इथे मी शिकलो ते आमच्या सौभाग्यवतींकडून. लेकीच्या टाइल वाळताना एकाच दिशेने वर उचलत होत्या. रोलर मी चारदा तपासला. एके दिवशी हिने बघितलं आणि म्हणाली, "अगं, तू पोळी फिरवतच नाहीस. एकाच बाजूने लाटलेली पोळी कधी गोल होते का?" तेच कारण होतं. एकाच दिशेने दाबल्यावर मातीचे कण त्या दिशेने लोळतात आणि वाळताना दोन दिशांना सारखी आटत नाही. आता लेक प्रत्येक फेरीनंतर स्लॅब काटकोनात फिरवते आणि उलटते. माती आधी नीट मळून घेते, हाताने थापून अंतिम जाडीच्या दुपटीवर आणते, पुढची कड पाचरीसारखी पातळ करते म्हणजे रोलर ती सहज धरतो. मग दोन-तीन फेऱ्यांत जाडी उतरवते. चार सुतावरून दोन सुतावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) एका दमात आणायचं नाही. हँडल जड लागत असेल तर जोर लावायचा नाही, फट वाढवायची. शेवटी दोन्ही बाजूंनी रबरी पट्टी फिरवली की कापडाची वीण पुसली जाते आणि माती आणखी घट्ट होते.

गंगावेशीतल्या एका कुंभार मित्राने गणपतीच्या साच्यात दाबायला म्हणून शाडूची पोळी या रोलरवर करून बघितली. कडा फाटल्या. शाडूला लवचिकपणा कमी, त्यामुळे ती अधिक ओली आणि जाड ठेवावी लागली. मग जमलं. हातावर थापलेली पोळी त्याला अजूनही आवडते, आणि ते मला समजतं.

बोटांचं लिहायचं राहत होतं. मामाच्या गुऱ्हाळावर मी दहा वर्षांचा असताना चरकात ऊस सारताना मामाची दोन बोटं गेली. हाताने फिरवायच्या स्लॅब रोलरला तेवढी ताकद नसते, पण लहान मुलाचं बोट चेंगरायला पुरेशी असते. चेनवरचं पत्र्याचं झाकण दुरुस्तीसाठी काढलं की परत लावलंच पाहिजे. इथे ते कपाटावर ठेवलेलं होतं, 'काढायला-घालायला त्रास' म्हणून. हँडल फिरवणारा आणि कापड धरणारा असे दोघंच मशीनजवळ, ओढणी आणि वेणी बांधलेली, आणि 'थांब' म्हटलं की हँडल सोडायचं, एवढा नियम पाचवीच्या मुलांनाही पाळता येतो.

माझं म्हणणं आता एकच आहे. शाळांना, कलासंस्थांना मशीन घ्यायला पैसा मिळतो, ते सांभाळायला मिळत नाही. खरेदीच्या कागदावर मशीनची किंमत असते. पान्हा, ॲलन की, व्हर्निअर, तेलाची बाटली आणि वर्षातून एकदा येणारा फिटर यांसाठी त्यात ओळ नसते. मग एक स्क्रू सैल होतो आणि हजारो रुपयांचं मशीन कोपऱ्यात जातं. दुरुस्तीला कंपनीचा माणूस लांबून बोलवायचा तर त्याच्या येण्याजाण्याचाच खर्च शाळेला परवडत नाही. पण तालुक्याच्या गावीही आयटीआय असते आणि तिथे फिटर ट्रेडची मुलं दोन वर्षं शिकत असतात. त्यांना करायला खरं काम हवं असतं. मुख्याध्यापकांनी तिथल्या निदेशकांना एक पत्र लिहिलं तर चार पोरं एका शनिवारात मशीन खोलून, पुसून, जुळवून देतील, आणि रोलर समांतर करणं म्हणजे काय ते त्यांच्या हाताला कायमचं कळेल. मशीनला दोरीने एक वही बांधून ठेवावी. दर शनिवारी दोन गोळ्या दाबायच्या, डावी किती, उजवी किती ते लिहायचं. त्या शाळेत मी तशी वही बांधून आलो. गेल्या आठवड्यात सरांनी तिच्या पानाचा फोटो पाठवला. डावी ६.१, उजवी ६. मोजणारीची सही म्हणून एका मुलीने खाली मातीचा अंगठा उठवला आहे.

त्या शिक्षिकेपर्यंत माझा निरोप पोहोचवावा अशी आपल्याला विनंती आहे. भंगारवाल्याला एवढ्यात बोलवू नये. जिल्ह्यात कुठेही असतील तरी रविवारी मी येईन, पैसे नकोत. व्हर्निअर आणि पट्टीचे दोन तुकडे मी आणतो, त्यांनी माती तेवढी मळून ठेवावी.

आपला,
एक निवृत्त टर्नर-फिटर
उद्यमनगर, कोल्हापूर